महापौरांची काळी हॅट

१८६२ सालच्या डिसेंबरातली पंधरा तारीख, सोमवार. मेहिटेबल ड्रूने मांडीवरच्या हॅटच्या अस्तराला शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला आणि उठून खिडकीशी गेली. सकाळपासून ती कितव्यांदा उठली होती याचा हिशेब तिच्या भावानेही सोडून दिला होता.

"दिसतोय का?" असाहेलने विचारले. तो टेबलाशी बसून शनिवारचे उरलेले बीन्स पावाच्या तुकड्याने पुसून खात होता.

"दिसतोय. बंबखान्यापाशी उभा आहे."

"डोक्यावर काय आहे?"

"लोकरी टोपी."

"मग बस की खाली, हिटी. काच झिजेल बघून बघून."

ती बसली नाही. रस्त्याच्या टोकाला बंबखान्याच्या दाराशी मतदारांची रांग होती. आगीचा बंब बाहेर काढून आत टेबल मांडले होते आणि त्यावर मतांची काचेची पेटी ठेवली होती. रांगेतल्या माणसांच्या तोंडातून वाफ निघत होती. सोमवार धुण्याचा, म्हणून निवडणूक असली तरी गल्लीभर दोऱ्यांवर कपडे होते, आणि थंडीने ते पाटासारखे ताठ झाले होते. रांगेच्या बाजूला, कोणाशी हात मिळवत, कोणाच्या आजारी बायकोची चौकशी करत महापौर झेनस कोबर्न उभे होते. डोक्यावर करड्या लोकरीची टोपी होती, कोळसा वाहणारे घालतात तशी.

ॲशक्रॉफ्ट हे हॅट बनवणाऱ्यांचे शहर. कोणाच्या डोक्यावर काय आहे हे आमच्याकडे तोंडाआधी पाहिले जायचे. महापौराने उघड्यावर लोकरी टोपी घालणे म्हणजे पाद्र्याने बाहीवर नाक पुसण्यासारखे. पण दीड वर्ष झाले, त्यावरून कोणी हसत नव्हते.

त्याचे असे झाले होते. उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धाच्या पहिल्या वसंतात आमची पलटण गाडीत बसून दक्षिणेकडे निघाली, तेव्हा कोबर्न नगरभवनाच्या पायऱ्यांवर उभे राहिले. भाषण त्यांना कधीच जमले नाही. पुढच्या रांगेतल्या आयांकडे बघत ते एवढेच म्हणाले, "ही पोरं माझ्या शब्दावर चालली आहेत. काही कमीजास्त झालं, तर ते तुम्हाला तारघरातून कळणार नाही, वर्तमानपत्रातूनही कळणार नाही. मी स्वतः तुमच्या दारात येईन. हॅट काढून उभा राहीन आणि तोंडानं सांगेन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गवत कापायच्या दिवसांपर्यंत युद्ध संपेल असे सगळे धरून चालले होते. कोबर्ननी त्या कामासाठी स्वतःच्या हातांनी बीव्हरच्या केसांची उंच काळी हॅट केली. तिचे अस्तर मेहिटेबलनेच शिवले होते.

युद्ध संपले नाही. पहिल्या तीन दारांनंतर बायका त्या हॅटकडे वेगळ्या नजरेने पाहू लागल्या. एका रविवारी ते नुसते चर्चला निघाले होते, आणि विहिरीवरच्या एका बाईच्या हातातून बादली सुटली, आणि ती स्वतःही तिथेच बसकण मारून रडू लागली. त्या दिवसापासून कोबर्ननी ती हॅट एरवी घातली नाही. चर्चला टोपी, दुकानात टोपी, गव्हर्नर आले तेव्हाही टोपी. हॅट फक्त त्या कामाला. आतापर्यंत नऊ दारे झाली होती.

आणि शनिवारपासून शहरात कुजबुज होती, की नदीकाठच्या फ्रेडरिक्सबर्गला मोठी लढाई झाली, आणि आपली पलटण टेकडीखाली होती.

असाहेलने थाळी बाजूला सारली आणि खिशातून दोन चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या काळी मताच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या पक्षाची माणसे छापून वाटत. कोबर्नची पिवळी, कारखानदार अमासा रीडची पांढरी. कोण कोणती टाकतो ते अख्खी रांग बघायची.

"औषधवाल्या गेजनं पिवळी कोंबली हातात, रीडच्या माणसानं पांढरी. दोघंही म्हणाले, असाहेल, तू आपला माणूस." तो हसला. "या घरातलं मत माझं, पण डोकं तुझं. बोल."

मेहिटेबलने टेबलाशी येऊन पांढरी चिठ्ठी उचलली. तिची घडी घातली. खुंटीवरून भावाची हॅट काढली आणि आतल्या चामडी पट्ट्यात ती नीट खोचली, त्याच्या मापाचे काही शिवत असल्यासारखी.

असाहेल तिच्याकडे बघत राहिला.

"गेल्या हिवाळ्यात कोळसा कुणी पाठवला होता आपल्याकडे?"

"झेनसनं."

"ओरिनला कामाला कुणी लावलं?"

"झेनसनं."

"शाळेत तुझी पाटी कोण उचलून आणायचं, ते तर मी विचारतच नाही."

"नको विचारू."

"मग? रीडनं काय दिलं आपल्याला? त्याच्या बग्गीचा चिखल?"

मेहिटेबलने हॅट त्याच्यापुढे धरली. "तो महापौर आहे तोवर त्याला माझ्या दारात यायचा हक्क आहे, असाहेल."

"आणि तो महापौर नसला, म्हणजे ओरिनला गोळी लागणार नाही?"

"असं मी म्हटलं नाही."

"म्हटलंस."

ती पुन्हा शिवायला बसली. सुईत दोरा ओवायला तिला फार वेळ लागला. ओरिन तिचा एकुलता मुलगा, विसाव्या वर्षी युद्धावर गेलेला. त्याच्या नोव्हेंबरातल्या पत्रात हातमोज्यांची मागणी होती, उजव्या हाताच्या मोज्याला पहिले बोट वेगळे विण, म्हणजे बंदुकीचा चाप ओढताना मोजा काढावा लागणार नाही. तिने ते विणून पाठवले होते. पोचल्याचे पत्र अजून आले नव्हते.

असाहेलने पिवळी चिठ्ठीही उचलली, खिशात घातली, आणि हॅट घेऊन बाहेर पडला.

---

बारा वाजायला आले होते. रांगेत असाहेलच्या पुढे सहा माणसे उरली होती, तेवढ्यात तारघराचा माणूस घाईघाईने आला आणि त्याने कोबर्नच्या हातात लिफाफा दिला. रांगेतले बोलणे थांबले. कोबर्ननी पाठ फिरवली आणि लिफाफा फोडला. जन्मभर हॅटच्या फेल्टला लावायच्या पाऱ्याच्या वाफेत काम केलेल्या माणसांना होतो तसा कंप त्यांच्या हातांना होता. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना तो होता.

औषधाच्या दुकानाचा मालक पर्ली गेज त्यांच्यासाठी पिवळ्या चिठ्ठ्या वाटत होता. तो जवळ आला.

"किती?"

"चार."

"कोण?"

कोबर्ननी कागदाची घडी घातली. "दारात सांगेन."

"बरोबर आहे, दारातच सांग. पण चारनंतर." गेजने आवाज खाली आणला, तरी थंडीत तो रांगेपर्यंत पोचत होता. "चार वाजता पेटी बंद होते, झेनस. चार तासांचा प्रश्न आहे. मेलेल्यांना कसली घाई?"

"त्यांना नाही."

"मग?"

"त्यांच्या आया आत्ता त्यांच्यासाठी मोजे विणत असतील."

"विणू दे की चार तास! अरे, तू आत्ता ती हॅट घालून या रांगेसमोरून गेलास, तर ही माणसं काय करतील, कळतं का तुला? बायका तुला काय म्हणतात ठाऊक आहे? डोमकावळा."

"ठाऊक आहे."

"हरशील."

"होय."

गेजने चिठ्ठ्यांचा गठ्ठा काखेत मारला आणि हात चोळले. पुढचे तो समजुतीच्या सुरात बोलला, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. "बरं, हर. पण मग पुढच्या लढाईची यादी कोण नेणार? रीड नेणार? तो फळ्यावर चिकटवून मोकळा होईल. तुला निवडून यायचं ते एवढ्याचसाठी ना? मग आज थांबलास तर पुढच्या साऱ्यांना दारात माणूस मिळेल. याचा विचार केलास?"

रांग एका माणसाने पुढे सरकली. मग कोबर्ननी डोक्यावरची लोकरी टोपी काढली, तिची गुंडाळी केली आणि खिशात घातली.

"पुढची कोण नेणार ते पुढं बघू," ते म्हणाले. "आजची माझ्याकडे आली आहे."

ते निघाले तेव्हा असाहेल रांगेबाहेर अर्धा पाय टाकून उभा होता.

"झेनस. त्यात ड्रू आहे का? मला एकट्याला सांग. मी तिला सांभाळून सांगतो."

कोबर्न थांबले. त्यांची नजर असाहेलच्या हातातल्या हॅटवर गेली. आतल्या पट्ट्यातून पांढरी कड दिसत होती. असाहेलच्या ते लक्षात आले आणि त्याने हॅट उलटी केली, पण उशीर झाला होता.

"एकाला आधी सांगितलं, तर तो शब्द मोडला," कोबर्न म्हणाले. "रांगेत उभा राहा, असाहेल. तुझा नंबर येत आलाय."

ते आपल्या हॅटच्या दुकानाकडे गेले आणि परतले ते ती उंच काळी हॅट घालून. रांगेसमोरून जाताना त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. पिवळ्या चिठ्ठ्या हातात धरलेली माणसे पायांकडे बघू लागली. एकाने आपली चिठ्ठी चुरगाळून बंबाच्या चाकामागे टाकली आणि रीडच्या माणसापुढे हात केला. मग आणखी एकाने. हॅट मेहिटेबलच्या गल्लीकडे वळली, तेव्हा असाहेल टेबलाशी पोचला होता. त्याच्या खिशात पिवळी होती आणि रांगेत उभा असताना त्याने तीच टाकायची असे ठरवत आणले होते. त्याने हॅटमधली पांढरी ओढून पेटीत टाकली आणि घराकडे पळत सुटला.

---

मेहिटेबलला आधी दिसली ती हॅट नव्हे. गल्लीच्या टोकाच्या अंगणात एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती. अर्धे काढून, टोपली तिथेच टाकून ती आत गेली आणि दार लागले. मग त्याच्या शेजारचे दार लागले. मग त्याच्या अलीकडचे. एकेक दार लागत तो आवाज गल्लीतून तिच्याकडे येत होता.

मग हॅट दिसली. कोबर्न रस्त्याच्या अगदी मधोमध चालत होते. कोणत्याही बाजूच्या घराला उगाच आधी वाटू नये म्हणून ते नेहमी तसेच चालत.

ती दाराशी गेली. कडी लावली आणि तळहात कडीवर ठेवून उभी राहिली. बर्फावर बूट करकरत होते. जवळ आले. अगदी तिच्या फाटकासमोर आले आणि थांबले.

तिने डोळे मिटले नाहीत. दाराच्या फळीत एक गाठ होती, ओरिन लहानपणी तिला घोड्याचा डोळा म्हणायचा. ती त्या गाठीकडे बघत राहिली.

बूट वळले. रस्त्यापलीकडे गेले. समोरच्या लोइस बरच्या दारावर तीन थापा पडल्या. दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग लोइसचा आवाज, रोजच्यासारखा, थोडा चिडका:

"आत या. पाय पुसून या, आत्ताच फरशी पुसलीय."

लोइसचा नवरा नेथन पलटणीत ढोल वाजवायचा.

मेहिटेबल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. तिला हसू आले. तोंडावर हात दाबूनही ते थांबेना. असाहेल मागच्या दाराने धापा टाकत आत आला, तेव्हा ती तशीच हसत होती. त्याने तिचे खांदे धरले. "हिटी? हिटी, काय झालं?" तिने फक्त समोरच्या घराकडे बोट दाखवले. ते हसणे तिला पुढे जन्मभर पुरले. लोइसच्या घरी ती त्या आठवड्यात रोज जेवण घेऊन गेली, पण लोइसच्या डोळ्यांत तिने पाहिले नाही.

चारला पेटी बंद झाली. कोबर्न तेव्हा नदीपलीकडच्या शेवटच्या दारात होते. अंधार पडायच्या आत मोजणी झाली. अमासा रीड एकोणीस मतांनी निवडून आले.

---

रीड वाईट माणूस नव्हता. शहर नीट चालले पाहिजे असे त्याला वाटे. नव्या वर्षात त्याने नगरभवनाबाहेर ओकचा मोठा फळा लावला, वर छोटे छप्पर, पुढे काच. याद्या आल्या की कारकून सुंदर अक्षरात नक्कल करून तिथे लावणार. सगळ्यांना एकाच वेळी कळेल, आणि कोणाच्या दारात तमाशा होणार नाही, असे तो म्हणाला. बायकांनी हुश्श केले. रस्त्यात कोणी उंच हॅट घालून आले तर आता कोणाचे काळीज थांबत नव्हते. कोबर्न आपल्या दुकानात परतले. मेहिटेबल त्यांच्याकडचे अस्तराचे काम असाहेलच्या हाती पाठवू लागली आणि त्याच्याच हाती मागवू लागली.

ओरिनचे पत्र आले. मोजे पोचले होते. बोट थोडे आखूड झाले होते, पण चालेल, असे त्याने लिहिले होते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईच्या याद्या लागल्या. मेहिटेबल एप्रनवरचे दोरे झटकत नगरभवनाकडे गेली. फळ्यापुढे शंभरएक माणसे होती. पुढे उभा असलेला एक जण हातातला पाव चावत मोठ्याने नावे वाचून दाखवत होता, लिलावात वाचतात तशा आवाजात. मागून कोणी ओरडले, "अहो, पुन्हा म्हणा, क पासून!" तिने खांदा घालून वाट काढली. काचेत आकाशाचे प्रतिबिंब होते, म्हणून तिला मान वाकडी करावी लागली.

ड्रू, ओ. मृत.

खाली डनिंग होता, त्याखाली ईमन्स. अक्षर खरेच सुंदर होते. 'ओ'ला छोटी शेपटी काढली होती.

"सरका ना बाई जरा," मागची एक म्हातारी म्हणाली. "आम्हालाही बघू द्या."

ती सरकली. गर्दीच्या कडेला येऊन तिने वळून पाहिले. शंभर डोकी होती आणि शंभर डोक्यांवर आमच्याच शहरात केलेल्या हॅट होत्या. यांतल्या काहींची अस्तरे तिने शिवली होती. एकही हॅट खाली उतरलेली नव्हती. कोणाचे काय झाले ते कोणालाच माहीत नव्हते.

ती घरी गेली नाही. कोबर्नच्या दुकानाची घंटा वाजवत ती आत शिरली. ते एकटेच होते, लाकडी ठोकळ्यावर फेल्ट ताणत होते. डोक्यावर लोकरी टोपी होती, मे महिना असूनही. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि हातातले काम खाली ठेवले.

"फळ्यावर नाव आहे," ती म्हणाली.

"होय. सकाळी बघून आलो."

"मला ते खरं वाटत नाही, झेनस. तिथं नुसतं लिहिलंय. एक माणूस पाव खात होता." ती थांबली. शाळा सुटल्यापासून तिने त्यांना कधी 'तू' म्हटले नव्हते. "तू ये. माझ्या दारात येऊन सांग."

"मी आता महापौर नाही, मेहिटेबल."

"मला माहीत आहे. मीच केलं ते. असाहेलच्या हॅटमध्ये ती चिठ्ठी मी घातली होती."

"तेही माहीत आहे मला," ते म्हणाले. "टाक्यासारखी खोचली होती. तुझाच हात."

शेगडीवरची किटली उकळत होती. तिने ती उचलून बाजूला ठेवली, स्वतःच्या घरातल्यासारखी.

"त्या दिवशी तू माझ्या फाटकासमोर थांबलास," ती म्हणाली. "का थांबलास?"

"तू दाराआड उभी असशील असं वाटलं. हाक मारून सांगावं वाटलं की तुझ्याकडे नाही आलोय. पण समोर लोइस पडद्याआडून बघत होती. तुझ्याकडे नाही म्हटलं असतं, तर तिला तिथंच कळलं असतं."

मेहिटेबलने मान हलवली.

"येतोस ना?"

त्यांनी माळ्यावरून पेटी काढली. हात इतके थरथरत होते की झाकण निघेना. तिने काढून दिले. हॅट बाहेर काढून त्यांनी बाहीने तिच्यावरून एक हात फिरवला.

"थांब," ती म्हणाली. "मला आधी पोचू दे. दार लावून घेऊ दे. मग ये."

ती गल्लीतून घरी आली. आत जाऊन दार लावले, कडी घातली. मग खिडकीशी खुर्चीवर बसली, अर्धवट अस्तराची एक हॅट मांडीवर घेतली आणि सुई हातात धरली. असाहेल कामावर होता. रस्त्याच्या टोकाला ती उंच काळी हॅट दिसली. किती महिन्यांनी दिसत होती ती. गल्लीतली दारे सवयीने एकेक करून लागली. कोबर्न रस्त्याच्या मधोमध चालत आले. बूट फाटकाशी थांबले, फाटक वाजले, तीन थापा पडल्या.

तिने कडी काढली.

त्यांनी हॅट उतरवून छातीशी धरली.

"मिसेस ड्रू," ते म्हणाले, "तुमचा मुलगा ओरिन..."

"आत या," ती म्हणाली. "पाय पुसून या."

---

ओरिनची कबर कोठे आहे ते कोणाला कधीच कळले नाही.

अमासा रीड आणखी दोनदा निवडून आले. नगरभवनासमोरच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. पर्ली गेज पुढच्याच वर्षी त्यांच्या बाजूला गेला आणि डाकघराचा प्रमुख झाला. लोइस बरने लोखंडाच्या कारखान्यातल्या एका भल्या माणसाशी लग्न केले आणि ती आयोवाला गेली. जाताना खिडकीचे पडदेही काढून घेऊन गेली.

असाहेल म्हातारा होईपर्यंत प्रत्येक निवडणुकीला रांगेत उभा राहिला. शेवटी शेवटी सरकारने सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच रंगाच्या केल्या, आडोशाला जाऊन खूण करायची केली. लोकांनी त्याला विचारले, कसं वाटतं? तो म्हणाला, "आता दुसऱ्या कुणाला कळत नाही, एवढंच."

युद्ध संपेपर्यंत याद्या फळ्यावरच लागत राहिल्या. पण मेहिटेबलनंतर आठवड्याच्या आत आणखी एक बाई कोबर्नच्या दुकानात गेली, मग एक म्हातारा बाप गेला. ते आधी फळ्यावर वाचून येत, मग कोबर्नना सांगून घरी जात आणि दार लावून बसत. महापौर असताना ते तेरा दारांत गेले होते. महापौर नसताना अठरा.

१८७२ च्या हिवाळ्यात, एका गुरुवारी सकाळी, झेनस कोबर्न वारले. त्यांना मूलबाळ नव्हते, बायको युद्धाआधीच गेलेली. रीडनी नगरभवनाच्या फळ्यावर सुंदर अक्षरात सूचना लावायला सांगितली. मेहिटेबलने ती पाहिली नाही. तिने दुकानाच्या माळ्यावरून पेटी काढली, हॅटच्या केसांवरून ब्रश फिरवला, आतल्या अस्तराचा एक टाका निघाला होता तो घातला. डोक्यावर घातली नाही. दोन्ही हातांत पुढे धरून ती निघाली आणि रस्त्याच्या मधोमध चालू लागली.

हॅट दिसली तशी या वेळी दारे उघडत गेली. ती जाऊन पोचायच्या आधीच बायका उंबऱ्यात येऊन उभ्या राहत होत्या. कोबर्न गेले होते त्या प्रत्येक दारात तिने तरी थांबून, तोंडाने सांगितले. ज्या घरांतली जुनी माणसे गेली होती, तिथे नव्या माणसांना सांगितले. नदीपलीकडचीही दारे झाली. दुपार कलायला आली तेव्हा तीस झाली होती.

एकतिसावे तिचे स्वतःचे होते. घरात कोणी नव्हते. तिने तीन थापा दिल्या, आणि आतून कोणी यायला लागला असता तेवढा वेळ, हॅट छातीशी धरून, बाहेर उभी राहिली.